बाबांची डावी कूस

निघायच्या दिवशी बाबांनी माझी बॅग लूमवरच्या कापडाच्या पट्टीने बांधली. कापडाची कड कापून टाकतात ना, तीच पांढरी, लांबलचक पट्टी; बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होते, तिथून आणलेली. मी म्हटलं, बाबा, विमानतळावर लोक हसतील. ते म्हणाले, हसू दे, पण बॅग उघडणार न्हाय. भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या चाळीसमोर रिक्षा उभी होती आणि शेजारच्या कारखान्यातले लूम नेहमीसारखे खडखडत होते, म्हणून निरोपसुद्धा ओरडूनच घ्यावा लागला. आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा बॅगा ठेवत होता, वहिनी माझ्या हातात डबा कोंबत होती. बाबा मात्र दार सोडून पुढे आले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "जा बाय. मागं बघू नको. मी दारातच हाय."

मी मागे बघितलंच. ते खरंच दारात होते.

याला आता आठ वर्षं झाली. या शेवटच्या खेपेआधी मधे दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा रिक्षा वळली तेव्हा बाबा त्याच चौकटीत उभे होते. मी हे कौतुकाने सांगत नाही, राग आला म्हणून सांगतेय. राग कुणाचा ते लिहिता लिहिता कळेल. तुम्ही जे तिथे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनीही ऐका.

जाण्याआधी मी भिवंडीतल्याच एका छोट्या खासगी दवाखान्यात नर्स होते. वरच्या मजल्यावर वॉर्ड, एका शिफ्टला मी एकटी. पेशंटला धुणं-पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे सगळं नातेवाईक करायचे, आणि नातेवाईक नसेल तर कुणीच करायचं नाही. फाईलमध्ये मात्र एक तक्ता असायचा. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलली, वेळ, सही. तो तक्ता आम्ही ड्युटी संपताना भरायचो. आठ, दहा, बारा, दोन, सगळं एकाच पेनने, एकाच दमात. शांताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. त्यांच्या तक्त्यावर माझ्या सुंदर सह्या होत्या आणि एका सकाळी चादर बदलताना त्यांच्या पाठीला चादर चिकटून आली. मी त्यांना वळवून जखम बघितली आणि पुन्हा झाकली. त्या "काय झालं गं" म्हणाल्या, मी "काही नाही आजी" म्हटलं. आजही तो "काही नाही" आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

म्हणून इंग्लंडमध्ये आल्यावर तीन वर्षं वॉर्डात काढून मी रिसर्च नर्सची जागा मागून घेतली. विषय साधा आहे. ऑपरेशन चांगलं होतं, औषध लागू पडतं, आणि माणूस बिघडतो भलत्याच कशाने तरी. पडून पडून पाठीला जखमा, म्हणजे बेडसोर होतात, छातीत कफ साठतो, नळीमुळे लघवीला जंतुसंसर्ग होतो, बाथरूमला जाताना पाय घसरतो. या टाळता येण्यासारख्या गोष्टी टाळायच्या कशा, एवढाच अभ्यास. बाबांना फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ते हसत सुटले. म्हणाले, "म्हंजे माणसाची कूस बदलायची, ते शिकाला विलायतेला गेलीस?" मीही हसले. आता हसू येत नाही.

इथे गाद्या भारी आहेत, माणसं जास्त आहेत, आणि तक्ता टॅबलेटवर आहे. पण तक्ता शेवटी तक्ताच. घाईच्या दिवशी इथल्या मुलीही तो ड्युटी संपताना भरतात, फक्त पेनाऐवजी बोटाने. माझं काम ते तक्ते तपासण्याचं. त्यात एक चौकोन असतो, "रुग्णाचा नकार". पेशंट म्हणाला मला वळवू नका, की त्या चौकोनात खूण करायची आणि पुढच्या बेडकडे जायचं. त्या खुणा मी शेकड्यांनी मोजल्या असतील. त्यावर मीटिंगा झाल्या. आमची मुख्य संशोधक हेलन, बाई मनाने चांगली, पण तिच्या प्रत्येक मीटिंगचा शेवट "यावर अजून अभ्यास व्हायला हवा" असा होतो, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अजून काय अभ्यास? एका जागी पडून राहिलेल्या माणसाचं कातडं जातं हे कामतघरमधल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल.

आणि मग तोच विषय आमच्या घरी आला.

बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण समजत सगळं होतं. मी नवीन ट्रायलमध्ये अडकलेली, रजा मिळाली ती चार महिन्यांनंतरची. दादा गोदामात शिफ्टला जातो. वहिनीही दुसऱ्या एका गोदामात पॅकिंगला होती, तिने काम सोडलं. तिला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मी काय केलं? मी तक्ता पाठवला. मराठीत नीट टाईप करून, रकाने पाडून, डावी कूस, उजवी कूस, पाठीवर, वेळ, सही. सही! घरातल्या सुनेकडून मी सही मागितली. शिवाय हवेची गादी ऑनलाइन मागवून दिली, पंपावर चालणारी. ती बहुतेक भिवंडीच्याच कुठल्यातरी गोदामातून निघून भिवंडीतच पोचली असणार. फोनवर दहा वेळा बजावलं की गादी नाजूक असते, टाचणी लागली तरी पंक्चर होते, जपून वापरा.

रोज व्हिडिओ कॉलवर मी तपासणी करायची. वहिनी फोन बाबांवर धरायची, मला दिसायचे बाबा आणि खाली फुलाफुलांची चादर. गादी फुगते ना? हो ताई. वेळेवर वळवताय ना? हो ताई. तरी दुसऱ्या महिन्यात उजव्या खुब्यावर लाल डाग दिसला, मग कातडी सोलली, मग तिथे खड्डा पडायला लागला. ड्रेसिंग करणारा मुलगा एक दिवसाआड यायला लागला. वहिनीचं माहेर अकलोलीकडचं. तिच्या भावाने तिथल्या गरम कुंडाचं पाणी कॅन भरून आणून दिलं, त्याने खरूज जाते, जखमही जाईल म्हणून. त्या दिवशी मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. वहिनी ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, मी अजून टाकलं न्हाय. तुम्हाला विचारल्याबिगर कशाला टाकीन?" आणि तरी मला वाटत होतं की ही बाई वळवत नसणार. माझ्या डोक्यात शांताबाईंचा तक्ता होता. मी जे केलं होतं तेच ती करत असणार, अशी माझी खात्री होती. चोराला सगळेच चोर दिसतात तसं माझं झालं होतं.

रजा मिळाली, मी आले. रिक्षा गल्लीत वळली आणि दार रिकामं दिसलं. तेव्हा जे झालं ते झालं, ते सांगून काही उपयोग नाही.

घरात शिरल्यावर नमस्कार-चहा व्हायच्या आधी मी बाबांना वळवायला घेतलं. उघड्या पाठीखालची चादर ओली होती, घामाने. चादर ओढली आणि खाली करकर असा आवाज झाला. गादीवर कंपनीचं जाड प्लॅस्टिक तसंच होतं. कडेला चिकटपट्टीसुद्धा शाबूत. चार महिने माझे बाबा प्लॅस्टिकवर झोपले होते. हवा खेळावी म्हणून केलेली गादी, आणि तिला आम्ही पिशवीत घालून ठेवलेली! टीव्हीच्या रिमोटला, रिक्षाच्या सीटला, नव्या फ्रिजच्या दाराला घालतो तसं.

मी ओरडले. चाळीतल्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, एवढं ओरडले. "वहिनी, हे प्लॅस्टिक कुणी ठेवलं? अक्कल कुठे ठेवली होती?"

वहिनी घाबरली नाही. तिने ओले हात पदराला पुसले. "तुम्हीच बोललेल्या ना ताई, टाचणी लागली तरी पंक्चर होते, जपून वापरा. मग मी जपली. एवढी भारी वस्तू. प्लॅस्टिक काढलं आन् काय झालं असतं तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं?"

घरी नवी वस्तू आली की जपायची म्हणजे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं का? मी त्याच घरात वाढले. आमच्या पहिल्या गॅसच्या शेगडीवरचं प्लॅस्टिक वितळेपर्यंत आईने काढलं नव्हतं. रोज विचारत होते, गादी फुगते का. वर काय आहे, हे एकदाही विचारलं नाही. मग वहिनीने कपाटावरून एक वही काढून माझ्यासमोर टाकली. माझ्या तक्त्याचे कागद संपल्यावर तिने शाळेची वही आखली होती. पानं पलटली. वेगवेगळ्या पेनांनी, कधी पेन्सिलने, कुठे हळदीचं बोट लागलेलं, कुठे "लाईट गेली, हवा न्हाय, तासातासाला फिरवले" असं. ही वही एका दमात भरलेली नव्हती. असल्या वह्या मी वर्षानुवर्षं तपासतेय, मला कळतं. मी वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, चहा घ्या आधी.

प्लॅस्टिक फाडून फेकलं. मला वाटलं, सापडलं कारण, संपलं. पण वही पुन्हा वाचताना एक गोष्ट खुपली. पाठीवर, उजवी, पाठीवर, उजवी. डाव्या कुशीच्या रकान्यात पानोपान एकच शब्द होता, "नको बोलले". म्हणजे इकडचा "रुग्णाचा नकार". खुब्यावरची जखम उजवीकडेच का, ते उघड होतं. चार महिने कुशीवरचा सगळा भार त्या एका हाडावर.

आणि याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. लकव्याच्या बाजूवर झोपायला माणसं घाबरतात. त्या बाजूची जाण गेलेली असते, आपण खाली पडू असं वाटतं. आम्हाला शिकवतात ते. मी दादा-वहिनीला समोर बसवून हे समजावलं, उशा लावून दाखवल्या, पाठीमागे एक, गुडघ्यांत एक, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली एक, अंग पुरतं आडवं न करता थोडंसंच कलतं ठेवायचं. सगळं पुस्तकाप्रमाणे. बाबा जड जिभेने म्हणायचे, "तिकडं न्हाय." मी म्हणायचे, बाबा, मी आहे ना, पडणार नाही तुम्ही. ते पुन्हा म्हणायचे, "तिकडं न्हाय." मग मी आवाज चढवायचे, ते डोळे मिटून घ्यायचे, आणि मी त्यांना वळवायचे. तीन आठवडे असं चाललं. जखमेच्या कडा गुलाबी व्हायला लागल्या. मला फार बरं वाटलं, आणि थोडा गर्वही झाला, कशाला खोटं बोलू.

निघायचा दिवस आला. फ्लाईट रात्रीची, पण ठाण्याच्या पुढचं ट्रॅफिक धरून चारला निघायचं ठरलं. चारलाच डाव्या कुशीची वेळ. दोनपासून बाबा उजव्या कुशीवर होते, तोंड दाराकडे, आणि मी बॅगा बाहेर नेताना त्यांचे डोळे माझ्यामागे फिरत होते. रिक्षा आली. वहिनीने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. पाच मिनिटं थांबू का, असं. पण तीन आठवडे मीच सांगत होते ना, वेळ म्हणजे वेळ, आज पाच मिनिटं तर उद्या तास. मी चप्पल काढून परत आत आले आणि माझ्या हाताने बाबांना वळवलं. डावीकडे. उशा लावल्या. त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते "तिकडं न्हाय" म्हणाले नाहीत या वेळी. "जा बाय" एवढंच म्हणाले, ते मला त्यांच्या पाठीकडून ऐकू आलं.

गल्लीच्या वळणावर मी मागे बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

इथे परत येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी जेवणाच्या सुट्टीत होते, वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. खोली मला ओळखूच येईना. खाट भिंतीला नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी खाट मधोमध ओढलेली, एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला ओटा, आणि माणसांना जायला वीतभर वाट. दादा मागून तिरका होऊन जात होता. बाबा डाव्या कुशीवर होते. डोळे उघडे. समोर ओटा होता, ओट्यावर कुकर, आणि ते कुकरकडे बघत होते.

मी म्हटलं, वहिनी, हे काय केलंत? तुम्ही झोपता कुठे?

"झोपतो हो खाटेखाली-बाजूला, त्याचं काय टेन्शन न्हाय," वहिनी म्हणाली. "तुम्ही गेलात तवा ते पाठमोरे होते ना, ते मला काय बरं वाटलं न्हाय. रिक्षा गेल्यावर मी त्यांना विचारलं, बाबा, तुम्हाला तिकडं का नको? तर बोलले, भिंत हाय."

भिंत आहे. बस्स. एवढंच कारण. खाट भिंतीला लावलेली, डाव्या कुशीवर वळवलं की नाकासमोर हिरव्या ऑइलपेंटची भिंत. उजव्या कुशीवर दार, गल्ली, येणारं-जाणारं माणूस. लकवा नाही, भीती नाही, पुस्तकातलं काहीही नाही. जन्मभर दोन्ही अंगांच्या लूमवर नजर ठेवत मधल्या अरुंद बोळात उभा राहिलेला माणूस, त्याला मी दिवसातून चार वेळा भिंत दाखवत होते. आणि वर म्हणत होते, बाबा, मी आहे ना.

"आता डाव्या कुशीवर मी दिसते, उजव्या कुशीवर दार दिसतं," वहिनी म्हणाली. "आता नको म्हणतच न्हाईत."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. हेलनला सगळं सांगितलं. म्हटलं, नकाराच्या त्या चौकोनापुढे एक ओळ द्या. "का?" एवढाच शब्द आणि पुढे लिहायला जागा. तिने मनापासून ऐकलं, तिचे डोळेही भरून आले, आणि मग म्हणाली की या फेरीत फॉर्म बदलता येणार नाही, पुढच्या वेळी नक्की विचार करू. मी हात टेकले. आता मी माझ्या पेशंटांना विचारते, आणि उत्तर समासात लिहिते, ते मोजलं जाणार नाही हे माहीत असून. एक आजोबा म्हणाले, त्या बाजूला खिडकी नाही. एक बाई म्हणाली, त्या बाजूच्या बेडवरची मैत्रीण परवा गेली, रिकामा बेड बघवत नाही. माझं काम हल्ली उशिरा पूर्ण होतं आणि त्यावरून मला दोनदा ईमेल आलाय.

बाबांची जखम भरत आलीय. वहिनी अजून वही लिहिते. मला आता सही नको आहे, पण ती करतेच. परवा मला म्हणाली, याल तेव्हा जरा बारीक होऊन या, आत शिरायला वाट न्हाय. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं की आधी मी चाळ, गल्ली, लूमचा आवाज असलं काहीतरी सांगायचे. आता मला ती वीतभर वाट आठवते, जिच्यातून एक माणूस दिवसभर तिरकं होऊन ये-जा करतंय, आणि ते माणूस मी नाही.

आणि राग. राग कुणाचा ते सांगते म्हटलं होतं. निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, मी दारातच हाय. पाय गेल्यावर त्यांना दारात उभं राहता येईना, म्हणून ते दाराकडे तोंड करून पडून राहिले, खुब्याला भोक पडेपर्यंत. आणि मी, कूस बदलण्यावर संशोधन करणारी त्यांची मुलगी, त्याला रुग्णाचा नकार म्हणाले.